एक ना धड, भाराभर फॉर्म !



हंगाम संपला, धुराड्याचा धूर थांबला, की कारखान्यात मेंटेनन्सची कामे निघतात. मिलचे रोलर खाली उतरतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, वजनकाट्यांची तपासणी होते. यंदा या कामांच्या यादीत आम्ही आणखी एक बाब घातली. तिला ना पट्टा आहे ना मोटार; पण ती अडली की सभासदाचे बिल अडते, शेअर अडतो, प्रसंगी तोडसुद्धा अडते. ती बाब म्हणजे आपल्या कारखान्याचे फॉर्म, अर्थात कोरे नमुने.

कुणी म्हणेल, "फॉर्मचं काय एवढं कौतुक? भरला, सही केली, दिला." आम्हीही आजवर असेच म्हणत आलो. पण मागील काही हंगामांत दोन प्रकार असे घडले की आमचे डोळे उघडले. दोन्ही चुका कारखान्याच्या घरच्याच आहेत. म्हणून त्या झाकून न ठेवता आधी सांगतो.

पहिला प्रकार ऊस नोंदीचा. एका गट ऑफिसात कपाटाच्या तळाशी जुन्या नोंद अर्जांचा एक गठ्ठा शिल्लक होता. नवे अर्ज संपले, बाहेर पाऊस लागलेला, हेड ऑफिसला जाणार कोण? स्लिपबॉयने जुना गठ्ठा वर काढला. जुन्या अर्जात 'लागणीचा महिना' असा रकाना होता, नव्यात 'लागणीची तारीख' असा आहे. तोडीचा कार्यक्रम लागणीची तारीख आणि उसाची जात पाहून लागतो, हे आपणांस ठाऊक आहेच. तारीख नाही म्हटल्यावर कॉम्प्युटरवर नोंद करणाऱ्याने महिन्याची शेवटची तारीख टाकली. झाले! ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागण केलेले सभासद एकदम साडेतीन-चार आठवडे मागे ढकलले गेले. त्यातल्या एका सभासदाच्या उसाला तुरा आला, वजनात फटका बसला. ते ऑफिसात आले तेव्हा भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, माझी लागण खरी, तारीख खरी, मग ऊस मागं कसा गेला?" उत्तर द्यायला आमच्यापाशी तोंड नव्हते. चूक त्यांची नव्हती, त्या स्लिपबॉयचीही पुरती नव्हती. जुना गठ्ठा तिथे राहू दिला, ही चूक आमची.

दुसरा प्रकार बँकेचा. ऊस बिल जमा करण्यासाठी खात्याची माहिती घेण्याचा जो फॉर्म आहे, त्यावर सोयीसाठी म्हणून आम्ही बँकांची नावे आणि शाखांचे कोड छापूनच घेतले होते. सभासदाने नुसती बरोबरची खूण करायची. पुढे १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, आंध्रा बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या. त्यानंतर टप्प्याटप्प्याने जुने कोडही बंद झाले. आमच्या छापील फॉर्मवर मात्र जुनीच नावे आणि जुनेच कोड! एका भगिनीचे मालक नुकतेच वारलेले, शेअर त्यांच्या नावावर झालेला, पहिलेच बिल; ते बँकेतून परत आले. त्यांनी तीन खेपा घातल्या. काउंटरवर त्यांना सांगितले गेले, "मावशी, तुमचा फॉर्म चुकलाय." खरे तर चुकलेला फॉर्म आमचा होता.

हे दोन्ही प्रकार निस्तरले. पण असे आणखी किती गठ्ठे, कुठकुठल्या कपाटांत दडले असतील, हा प्रश्न उरला. म्हणून यंदा आम्ही ठरवले, की एकदाची सगळ्या फॉर्मची शिरगणती करायची.

कपाटे उघडली तेव्हा

सर्व खात्यांना आणि गट ऑफिसांना कळवले, की तुमच्याकडे वापरात असलेल्या प्रत्येक फॉर्मची एक कोरी प्रत पाठवा. शेतकी, केन अकाउंट, शेअर्स, स्टोअर, टाइम ऑफिस, गॅरेज, केनयार्ड, सगळीकडून कागद आले आणि सभागृहातले लांब टेबल भरून गेले. वजनपावत्या, तोड चिठ्ठ्या, वाहतूक करार, बेणे मागणी, साखर कार्डाचे अर्ज, शेअर वर्ग करण्याचे अर्ज, कपातीची संमतीपत्रे, रजेचे अर्ज, गेटपास. एकट्या ऊस नोंद अर्जाचे पाच प्रकार निघाले. एकात गट नंबर, एकात सर्व्हे नंबर; एकात क्षेत्र एकरात, दुसऱ्यात हेक्टर-आरमध्ये. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपण घरात नेहमी वापरतो. ती टेबलावर पसरलेली पाहण्याचा योग आम्हाला आला!

कॉम्प्युटरवर तर त्याहून मौज. एकाच अर्जाच्या फायलींची नावे पाहा: 'नोंद अर्ज नवीन', 'नोंद अर्ज नवीन फायनल', 'फायनल दोन', 'हाच वापरा'. आणि 'हाच वापरा' या नावाच्या फायली दोन मशीनवर दोन निघाल्या. दोन्हींत फरक!

हे का होते? कुणी मुद्दाम करत नाही. एका खात्याला एक रकाना जास्त लागतो, तो आपली प्रत करून रकाना वाढवतो. दुसरा ती प्रत पेन ड्राइव्हवर नेतो. तिसऱ्याला ती व्हॉट्सॲपवर येते. प्रत्येकाचे काम त्या वेळेपुरते सोपे होते. पण पाच वर्षांनी मूळ कोणते, हे कुणालाच सांगता येत नाही. संस्था लहान असते तेव्हा एक हेडक्लार्क सगळे डोक्यात ठेवतो. संस्था मोठी झाली, तो हेडक्लार्क निवृत्त झाला, की त्याच्याबरोबर ती यादीही घरी जाते.

फॉर्मचेही बेणे असते

ही गोष्ट आपल्या भाषेत सांगायची तर बेण्याचे उदाहरण घ्यावे. चांगले बेणे कसे तयार होते? संशोधन केंद्रावरून मूलभूत बेणे येते, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, आणि मग ते आपल्या शेतात लागते. तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे, खोडव्याचे बेणे वापरू नये, असे शेतकी खाते ओरडून सांगते. कारण उघड आहे. कानी किंवा गवताळ वाढीसारखा रोग एकदा बेण्यात शिरला की तो सरीसरीतून पुढे जातो. एका मळ्यातली खोट साऱ्या गटात पसरते.

फॉर्मचे तंतोतंत असेच आहे. मूळ नमुना हा बेणे मळा. त्याच्यापासून छापलेली किंवा काढलेली प्रत वापरावी. प्रतीची प्रत, तिची पुन्हा झेरॉक्स, त्यात पेनाने वाढवलेला रकाना, हे खोडव्याचे बेणे झाले. आणि मूळ नमुन्यातच एक शब्द चुकला तर ती चूक हजारो सभासदांच्या सहीखाली जाते. म्हणून मूळ नमुना थोड्यांच्या हातात आणि प्रत सर्वांच्या हातात, ही पहिली अट.

सातबारा आपल्याला काय शिकवतो

कागदांचे मोठे कुटुंब नीट कसे ठेवावे, याचा धडा घ्यायला दूर जायला नको. तो आपल्या घरातल्या ट्रंकेत आहे. सातबारा! रोज तोंडी असणारा हा शब्द मुळात दोन फॉर्मचे नंबर आहेत, हे आपल्यातल्या किती जणांच्या लक्षात येते? गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची ते सांगणारा. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, त्या जमिनीत काय पिकले ते सांगणारा. दोन्ही एका कागदावर आले आणि सात-बारा झाला.

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातले महसूल अधिकारी एफ. जी. एच. अँडरसन यांनी महसुली हिशेबाची एक पुस्तिका तयार केली. महसूल खात्यात ती अजून अँडरसन मॅन्युअल म्हणून ओळखली जाते. गावपातळीचे नमुने एक ते एकवीस अशा क्रमांकांनी बांधलेले आहेत. नमुना एक हा आकारबंद, सहा म्हणजे फेरफार नोंदवही, सहा-क वारसा प्रकरणांची नोंदवही, आठ-अ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा. या मांडणीत तीन गोष्टी आम्हाला घेण्यासारख्या वाटल्या.

पहिली, नंबर पक्का. नवी गरज निघाली तर सगळे नंबर पुढेमागे सरकवले नाहीत. जुन्या नंबराला अक्षर जोडले : सात-अ, आठ-अ, सहा-क. त्यामुळे जुन्या माणसाच्या तोंडातला नंबर आणि नव्या माणसाच्या हातातला कागद यांत फारकत झाली नाही.

दुसरी, एका कागदावर एकच काम. पण कागद एकमेकांना धरून. फेरफाराचा नंबर सातबाऱ्यावर येतो, सातबाऱ्याचा गट नंबर आठ-अ वर दिसतो. एका कागदावरून दुसऱ्यावर जायला वाट आहे.

तिसरी, साधन बदलले तरी नमुना टिकला. १९६६ साली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली, १९७१ साली अधिकार अभिलेखाचे नियम आले, २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. २०२० साली उताऱ्याच्या रूपातही सुधारणा झाल्या. पण सात तो सात आणि बारा तो बारा. आजोबांना जो शब्द माहीत होता तोच नातवाला माहीत आहे.

नुसता नंबर पुरत नाही

मात्र याच उदाहरणात एक खाचखळगाही आहे. शेअर्स खात्यात एखाद्या नव्या सभासदाला "आठचा उतारा आणा" असे म्हटले, की तो ग्रामपंचायतीत जातो आणि घराचा उतारा घेऊन येतो. बिचाऱ्याची चूक नसते. ग्रामपंचायतीचाही नमुना आठ आहेच. ती घरपट्टीची, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तलाठी कार्यालयाचा आठ-अ निराळा. नंबर सारखा, घर वेगळे! एक हेलपाटा फुकट.

यातून आम्ही शिकलो, की नंबराला आडनाव हवे. म्हणून आपल्या प्रत्येक फॉर्मच्या नंबराआधी खात्याचे अक्षर आले आहे. 'शे' म्हणजे शेअर्स, 'ऊ' म्हणजे ऊस नोंद आणि तोड, 'बि' म्हणजे बिल आणि बँक, 'मा' म्हणजे मागणी, त्यात बेणे, खत, साखर हे सगळे. ऊस नोंदीचा अर्ज आता 'ऊ-१'. उद्या खोडव्याच्या नोंदीसाठी वेगळा कागद लागला तर तो 'ऊ-१-अ' होईल, पण 'ऊ-१' हा नंबर दुसऱ्या कुठल्याच फॉर्मला मिळणार नाही. तो फॉर्म रद्द झाला तरी नाही. वारलेल्या सभासदाचा सभासद नंबर आपण परक्या माणसाला देत नाही, तसेच हे.

आम्ही घातलेली शिस्त

आता प्रत्यक्ष काय केले ते थोडक्यात, पण क्रमाने सांगतो. आपल्या गावची सेवा सोसायटी, दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था यांनाही यातले काही उपयोगी पडावे.

एक : आधी वर्गवारी केली. काही नमुने कायद्याने ठरवून दिलेले असतात. उदाहरणार्थ, १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि १९६१ चे नियम यांनी सभासद नोंदवहीसाठी नमुना 'आय' आणि सभासद यादीसाठी नमुना 'जे' ठरवून दिला. त्याला आपण हात लावायचा नाही, आपल्या सोयीचा रकाना घुसवायचा नाही. उरलेले कारखान्याचे स्वतःचे. ते सुधारण्याचा हक्क आपल्याला आहे, म्हणून जबाबदारीही आपलीच.

दोन : प्रत्येक फॉर्मला एक धनी नेमला. धनी म्हणजे एक खाते आणि त्या खात्यातला एक पदाधिकारी. नाव नव्हे, पद. माणूस बदलला तरी पद राहते. फॉर्ममध्ये बदल हवा असेल तर कुणीही सुचवावे; बदल करील तो धनीच. ज्या फॉर्मला कुणीच धनी पुढे आला नाही, तो फॉर्म खरेच लागतो का, असे विचारले. त्यातले बरेच कागद कुणालाच नको होते! वर्षानुवर्षे भरले जात होते आणि फायलीत निजत होते.

तीन : प्रत्येक फॉर्मच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नंबर आणि तो कधीपासून लागू ती तारीख छापली. 'नवीन', 'सुधारित', 'फायनल' हे शब्द बंद. आज जे नवीन ते पुढच्या वर्षी जुने होते. तारीख मात्र खोटे बोलत नाही.

चार : मूळ नमुना एकाच जागी. हेड ऑफिसच्या सर्व्हरवर एक सामायिक फोल्डर केला आहे. तिथून फॉर्म सर्वांना उघडता येतो, छापता येतो. बदलता मात्र फक्त धन्याला येतो. पत्रांचे आणि करारांचे मसुदे टेम्प्लेट म्हणून जपले आहेत. अशी फाइल उघडली की त्याच मजकुराचा नवा कागद समोर येतो आणि मूळ जागच्या जागी शाबूत राहते. पूर्वी काय व्हायचे? मागच्या करारावरच नवे नाव टाइप करायचे आणि एखाद्या कलमात मागच्याचेच नाव राहून जायचे. एका वाहतूकदाराच्या करारात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा नंबर निघाला होता, तो याच सवयीने.

पाच : फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, असे तळघर खोदायचे नाही. वाहतूकदाराचा करार शेतकीलाही लागतो, अकाउंटलाही लागतो. दोघांनी आपापल्या फोल्डरात ठेवला की वर्षभरात दोन करार तयार! म्हणून कागद एकाच जागी, नंबराने. शोधण्यासाठी मात्र वेगळी सूची. सूचीत नंबर, नाव, कशासाठी, धनी कोण, कधीपासून लागू, आणि लोक त्याला काय म्हणतात तेही. हे शेवटचे फार महत्त्वाचे. आमच्या कागदावर 'मयत सभासदाचे भाग हस्तांतरित करणेबाबत अर्ज' असे भारदस्त नाव आहे. पण सभासद काय म्हणतो? "वारस लावायचा फॉर्म द्या." कुणी म्हणतो, "शेअर नावावर करायचाय." सूचीत आता हे सगळे शब्द आहेत. कुठलाही शब्द घेऊन आलात तरी तोच फॉर्म हाती पडेल.

सहा : सामाईक रकाने सारखे केले. सभासद नंबर, नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, मोबाइल, हे प्रत्येक फॉर्मवर त्याच क्रमाने आणि त्याच शब्दांत. क्षेत्र सगळीकडे हेक्टर-आरमध्ये, शेजारी एकर-गुंठे लिहायला जागा. उसाच्या जातीचा रकाना मोकळा सोडत नाही, यादीतून खूण करायची. कारण एकाच जातीला कुणी 'को ८६०३२' लिहितो, कुणी 'नीरा', कुणी नुसते 'शहाऐंशी'. माणसाला तिन्ही एकच कळतात. कॉम्प्युटर तीन जाती धरतो आणि मग तोडीचा अंदाज चुकतो. पण बँकेच्या बाबतीत उलट केले. तिथे छापील यादी काढून टाकली. कोड पासबुकावरून लिहायचा. जे आपल्या हातात आहे ते छापावे, जे दुसऱ्याच्या निर्णयाने बदलते ते छापू नये, हा धडा त्या मावशींच्या तीन खेपांनी दिला.

सात : जुने कागद परत घेतले. नवा फॉर्म पाठवायचा आणि जुना गठ्ठा तिथेच ठेवायचा, म्हणजे नवे बेणे लावून जुन्या खोडक्या रानात ठेवण्यासारखे. गट ऑफिसने जुना गठ्ठा मोजून परत द्यायचा, मगच नवा मिळेल. परत आलेले कोरे फॉर्म नष्ट केले. प्रत्येक जुन्या नमुन्याची एक प्रत मात्र 'रद्द' शिक्का मारून, तारखेसह बांधून ठेवली आहे. हे कशासाठी? समजा, आपण दहा वर्षांपूर्वी एका संमतीपत्रावर सही केली आणि आज वाद निघाला. तेव्हाच्या छापील नमुन्यात काय लिहिले होते, हे दाखवता आले पाहिजे. नमुना रद्द झाला म्हणून त्यावर झालेला जुना करार आपोआप रद्द होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आठ : बदलाला हंगाम ठरवला. फॉर्ममधील बदल वर्षातून एकदा, नोंदी सुरू होण्यापूर्वी. मधेच कायदा किंवा बँकेचा नियम बदलला तरच अपवाद, आणि तेव्हा सगळ्या गटांना एकाच दिवशी कळवायचे.

"सगळ्याला एकच फॉर्म का करत नाही?"

ही सूचना काही सभासदांनी केली, आणि ती वरवर पाहता पटते. एकच मोठा फॉर्म, त्यात सगळे रकाने, ज्याला जे लागेल ते त्याने भरावे. आम्ही तसा एक जुळवूनही पाहिला. तो इतका लांबला की नुसत्या साखर कार्डासाठी आलेल्या माणसाला बेण्याची, वारसाची, बँकेची पाने उलटावी लागली असती. शिवाय एका रकान्यात बदल झाला की सगळाच फॉर्म जुना. विळा, कोयता आणि कुदळ एकाच दांड्याला बसवली तर कोणतेच काम नीट होत नाही. फॉर्म कमी करायचे ते दुहेरी आणि निकामी काढून. वेगळ्या कामांची मोळी बांधून नव्हे.

दुसरी शंका गट ऑफिसांकडून आली. "एवढी कडक शिस्त घातली आणि ऐन घाईत फॉर्म संपले, तर सभासदाला परत पाठवायचं का?" शंका रास्त आहे. जुना गठ्ठा तसाच घाईत निघाला होता. त्यासाठी तोड अशी काढली, की प्रत्येक गट ऑफिसात महत्त्वाच्या फॉर्मचे रकाने लिहिलेला एक तक्ता भिंतीवर लावला आहे. फॉर्म संपला तर कोऱ्या कागदावर त्या क्रमाने माहिती लिहून घ्यायची, सही घ्यायची, पोच द्यायची. कोरा कागद चालेल, जुना फॉर्म चालणार नाही. कोऱ्या कागदावर काय राहिले ते दिसते. जुन्या फॉर्मवर सगळे भरलेले दिसते आणि हवे तेच नसते.

आपण काय करावे?

शिस्त ऑफिसने पाळायची, हे खरे. पण फॉर्मवर सही सभासदाची असते, म्हणून आपणही चार गोष्टी कराव्यात.

फॉर्म हातात आला की भरण्याआधी उजवा कोपरा पाहावा. नंबर आणि तारीख नसेल तर तो घेऊ नये, बेधडक विचारावे. कर्मचारी रागावला तर त्याचे नाव कळवावे. विचारल्याबद्दल रागावायचा हक्क त्याला नाही.

गावात कुणाच्या घरी, सोसायटीत, झेरॉक्सच्या दुकानात जुने फॉर्म असतील तर ते आणून द्यावेत. मोबाइलवर आलेला फॉर्म छापून भरण्याआधी त्याची तारीख गट ऑफिसातल्या सूचीशी ताडून घ्यावी.

नामनिर्देशनाचा फॉर्म आणि वारस लावण्याचा फॉर्म यांची गल्लत करू नये. पहिला सभासदाने स्वतः हयातीत भरायचा असतो. दुसरा त्यांच्या पश्चात घरच्यांनी. पहिला वेळेवर भरलेला असला की दुसऱ्या वेळी घरच्यांची वणवण कमी होते. आपला भरला आहे की नाही, हे याच महिन्यात शेअर्स खात्यात विचारून जावे.

आणि फॉर्ममधला एखादा शब्द कळला नाही, तर तो शब्द आम्हाला कळवावा. सभासदाला न कळणारा शब्द फॉर्मवर असणे ही आमची चूक समजू.

शेवटी एवढेच. आपला शेअर हा कारखान्यातला आपला वाटा. कोरा फॉर्मही तसाच सगळ्यांच्या मालकीचा, सामाईक विहिरीसारखा. सामाईक विहिरीत प्रत्येकाने आपापली पाइप टाकली आणि गाळ कुणीच काढला नाही, तर पाणी कुणालाच मिळत नाही. यंदा आम्ही गाळ काढला आहे. ज्या सभासदाचा ऊस मागे गेला, त्यांना आम्ही मुद्दाम बोलावून नवा 'ऊ-१' दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो खालपासून वरपर्यंत वाचला, तारखेच्या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "आता ठीक हाय. पण जुना गठ्ठा जाळला का?"

जाळला. एक प्रत तेवढी 'रद्द' शिक्का मारून ठेवली आहे, आमच्या आठवणीसाठी.



आपले,
संपादक मंडळ